न्यू जर्सी सोडून फ्लोरिडात निवृत्त होताना: प्राप्तिकर वाचतो, पण एकूण खर्च खरोखर कमी होतो का?

एडिसनवासी

सर्वांना नमस्कार.

मी आणि माझी पत्नी गेली ३१ वर्षे न्यू जर्सीतील एडिसन येथे राहत आहोत. येत्या जूनमध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, मी निवृत्त होत आहे. पत्नी मागच्याच वर्षी निवृत्त झाली. मुलगी बॉस्टनला आणि मुलगा डॅलसला असतो, त्यामुळे एडिसनलाच राहायला हवे असे मुलांच्या बाजूने काही बंधन नाही. गेल्या जानेवारीत दारासमोरच्या बर्फावरून घसरून पत्नीचे मनगट मोडले. प्लास्टर निघून कितीतरी महिने झाले, तरी पोळ्या लाटताना चौथ्या-पाचव्या पोळीला तिला लाटणे खाली ठेवून हात चोळावा लागतो. तेव्हापासून उबदार राज्यात जाण्याचा विषय आमच्याकडे गांभीर्याने निघू लागला आहे.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगतो. दोघांची सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) मिळून वर्षाला सुमारे ५४,००० डॉलर येतील आणि ४०१-के या नोकरीतील निवृत्ती बचतीच्या खात्यातून आम्ही साधारण ३६,००० डॉलर काढू. घराचे कर्ज फिटलेले आहे. मालमत्ता कर ११,२०० डॉलर आणि गृहविमा १,९०० डॉलर भरतो. आजच्या भावाने घराचे ६,८०,००० डॉलर यावेत. ते आम्ही १९९८ साली २,१०,००० डॉलरना घेतले होते. टँपाच्या उत्तरेकडील भागात सव्वाचार लाखांच्या आसपास तीन शयनगृहांची घरे पाहिली आणि ती आवडली.

ज्यांना विचारावे ते पहिल्या वाक्यात हेच सांगतात की, तिकडे राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे पैसे वाचतील. मला मात्र वर्षअखेरीचा पूर्ण हिशेब हवा आहे. जे प्रत्यक्ष तिथे राहत आहेत, किंवा राहून परत आले आहेत, त्यांनी आपले आकडे मोकळेपणाने सांगावेत, ही विनंती.

तुळसवृंदावन

एडिसनवासी, आम्ही २०१९ साली पार्सिपनीहून टँपाच्या उत्तरेला, पॅस्को काउंटीतील वेस्ली चॅपेल येथे आलो. तुम्ही पाहत असलेली घरे बहुधा याच परिसरातील असावीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट मालमत्ता कराची. घराच्या जाहिरातीत आधीच्या मालकाचा कर लिहिलेला असतो, त्यावर अजिबात विसंबू नका. फ्लोरिडात राहत्या घराला होमस्टेड सवलत मिळते आणि त्यासोबत, १९९२ साली मतदारांनी संमत केलेल्या घटनादुरुस्तीमुळे, त्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्के किंवा महागाईचा दर यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक वाढवता येत नाही. त्यामुळे वीस वर्षे त्याच घरात राहणाऱ्याचा कर फारच कमी असतो. मात्र घर विकले की पुढच्या १ जानेवारीला ते मूल्य पुन्हा बाजारभावावर येते. आम्ही ३,३०,००० डॉलरना घर घेतले तेव्हा जुन्या मालकांचे बिल २,१०० डॉलर होते. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये काउंटीची पूर्वसूचना आली आणि तिच्यावर ४,३०० डॉलरचा आकडा होता. तो कागद हातात घेऊन आम्ही दोघे बराच वेळ नुसते बसून राहिलो. चूक कोणाचीच नव्हती, आम्ही विचारले नव्हते इतकेच. होमस्टेडचा अर्ज १ मार्चपूर्वी करावा लागतो, हेही टिपून ठेवा.

दुसरी गोष्ट सीडीडीची, म्हणजे वसाहतीच्या पायाभूत सोयींसाठीच्या आकाराची. या भागातल्या नव्या वसाहतींमधील रस्ते, तळी, गटारे यांसाठी काढलेल्या रोख्यांची परतफेड आणि देखभाल घरमालकांकडून वसूल केली जाते आणि ती रक्कम मालमत्ता कराच्या बिलातच येते. आमची वर्षाला २,३०० डॉलर आहे आणि एचओएची, म्हणजे घरमालकांच्या संघटनेची, महिना ९५ डॉलर वर्गणी वेगळी. सीडीडी नसलेली जुनी घरेही याच गावात मिळतात, त्यांचा शोध जरूर घ्या.

आता गृहविमा, ज्याने आमचा सगळा अंदाज चुकवला. २०१९ साली आमचा हप्ता १,८५० डॉलर होता. घर २००४चे, म्हणजे २०२२ साली छप्पर अठरा वर्षांचे झाले, आणि विमा कंपनीने नूतनीकरण करणार नसल्याचे पत्र पाठवले. त्या काळात राज्यातील अनेक लहान विमा कंपन्या बुडत होत्या, त्यामुळे दुसरी कंपनी मिळेना. शेवटी राज्याने उभ्या केलेल्या सिटिझन्स या विमा महामंडळाकडे जावे लागले. पुढच्या वर्षी १९,००० डॉलर खर्चून नवे छप्पर घातले. त्यानंतर वादळरोधक बांधणीची तपासणी करणारा गृहस्थ आला. त्याने माळ्यावर चढून, छपराचे वासे भिंतींना ज्या लोखंडी पट्ट्यांनी बांधलेले असतात त्या प्रत्येक पट्टीतले खिळे मोजले, टॉर्च धरून फोटो काढले आणि अहवाल दिला. त्या अहवालामुळे हप्ता ४,७०० वरून ३,४०० डॉलरवर आला. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा स्वयंपाकघराच्या आधी छपराचे वय विचारा.

आणखी एक गोष्ट पॉलिसीत बारीक अक्षरांत असते. हरिकेनसाठीचे डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा पहिला भाग, वेगळे असते आणि ते विमा उतरवलेल्या रकमेच्या २, ५ किंवा १० टक्के असते. घराचा विमा ४ लाखांचा असेल तर २ टक्क्यांनीही पहिले ८,००० डॉलर आपलेच जातात. तेवढी रक्कम आम्ही वेगळ्या खात्यात ठेवली आहे.

इतके सगळे लिहूनही सांगते की, आम्हाला येथे आल्याचा पश्चात्ताप नाही. न्यू जर्सीत दर ऑक्टोबरला कढीपत्त्याची कुंडी घरात उचलून आणावी लागे आणि मार्चपर्यंत तिला चार काड्या उरत. येथे तो जमिनीत लावला आहे आणि आता माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. यजमान रोज सकाळी सहाला चालायला जातात. त्यांची रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. मात्र जून ते सप्टेंबर दुपारी बाहेर पडणे कठीण असते आणि त्या महिन्यांचे विजेचे बिलही तसेच येते.

डॅलसकर

मुलगा डॅलसला आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून टेक्ससचाही विचार करावा असे सुचवतो. येथेही राज्याचा प्राप्तिकर नाही. मालमत्ता कराचा दर चढा आहे, मात्र मालक ६५ वर्षांचा झाला की त्याच्या राहत्या घरावरील शाळेच्या कराची रक्कम गोठवली जाते आणि तोच बिलातला सर्वांत मोठा भाग असतो. गारपिटीमुळे येथेही छपरे आणि विमा यांची डोकेदुखी आहे. परंतु अडीअडचणीला मुलगा वीस मिनिटांत पोहोचतो, ही गोष्ट कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही.

हिशेबनीस

मी चाळीस वर्षे करविवरणपत्रे भरण्याचे काम केले आहे. एडिसनवासींनी दिलेल्या आकड्यांवरूनच बोलतो, कारण या विषयावर सरसकट विधाने करून लोकांचे फार नुकसान होते.

न्यू जर्सी सोशल सिक्युरिटीवर कर घेत नाही. त्यापुढे, ६२ वर्षांवरील पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरत असतील आणि त्यांचे राज्याच्या व्याख्येप्रमाणे उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असेल, तर निवृत्तिवेतन व ४०१-के यांतून आलेले १,००,००० डॉलरपर्यंतचे उत्पन्न वगळता येते. १,००,००० च्या पुढे ही सवलत निम्म्यावर येते, १,२५,००० नंतर पाव होते आणि १,५०,००० नंतर पूर्ण संपते. आपले ५४,००० मुळात मोजलेच जाणार नाहीत आणि ३६,००० वगळले जातील. म्हणजे निवृत्तीनंतर आपल्याला न्यू जर्सीचा प्राप्तिकर जवळपास शून्यच भरावा लागेल. जो कर आपल्याला लागणारच नाही, तो फ्लोरिडात जाऊन वाचणार कसा? वार्षिक दोन लाख उत्पन्न असलेल्या निवृत्त डॉक्टरांना त्या सल्ल्यात तथ्य आहे, आणि बहुधा त्यांच्याकडूनच तो सगळीकडे पसरला आहे. संघराज्याचा कर दोन्हीकडे सारखाच राहतो.

दुसरे असे की, न्यू जर्सीत ६५ वर्षांवरील घरमालकांसाठी आता ‘स्टे एनजे’ ही योजना आली आहे. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर इतर सवलतींसह मालमत्ता कराच्या निम्म्यापर्यंत, कमाल ६,५०० डॉलर, परतावा मिळावा अशी तिची रचना आहे. दर वर्षीच्या अर्थसंकल्पावर ती अवलंबून राहील हे खरे, तरी हिशेबात ती धरायलाच हवी, कारण राज्य सोडले की ती गेली.

घर विकताना ‘एक्झिट टॅक्स’ भरावा लागतो, अशी जी भीती घातली जाते तिच्याविषयीही सांगतो. तसा वेगळा करच नाही. राज्याबाहेर गेलेल्या विक्रेत्याकडून नफ्यावरील कराची रक्कम आगाऊ घेतली जाते. मुख्य राहते घर विकून झालेला नफा पती-पत्नींना मिळणाऱ्या ५ लाख डॉलरच्या सवलतीत बसत असेल, तर तसे प्रमाणपत्र दिल्यावर आगाऊ रक्कमही भरावी लागत नाही. आपला नफा ४,७०,००० आहे आणि विक्रीचा खर्च व घरात केलेल्या कायमस्वरूपी सुधारणा वजा जाता तो आणखी कमी भरेल. वीस वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघराच्या पावत्या असतील तर जपून ठेवा. नफा ५ लाखांच्या वर गेला तर वरचा भाग उत्पन्नात धरला जातो आणि दोन वर्षांनी मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, हप्ताही त्यामुळे वाढतो.

शेवटची सूचना. न्यू जर्सीचे घर ठेवून फ्लोरिडाचे रहिवासी म्हणवून घेण्याचा विचार असेल, तर दिवसांची नोंद काटेकोरपणे ठेवावी लागते. न्यू जर्सीत कायम वापराचे घर असताना तेथे १८३ पेक्षा अधिक दिवस काढले, तर ते राज्य आपल्याला रहिवासीच मानते.

खाडीकाठ

मी फोर्ट मायर्सजवळ राहतो. तुळसवृंदावन ताईंनी विम्याविषयी जे लिहिले आहे त्यात पुराची बाजू जोडतो, कारण ती न समजल्यामुळे आमचे मोठे नुकसान झाले.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन वादळ किनाऱ्याला धडकले. आम्ही आदल्या दिवशीच कागदपत्रे, औषधे आणि देवघरातले टाक घेऊन मायामीला गेलो होतो. चार दिवसांनी परतलो तेव्हा दिवाणखान्याच्या चारही भिंतींवर, माझ्या कमरेच्या किंचित वर, पट्टीने आखल्यासारखी एक तपकिरी रेघ होती. तिच्या खालचे सारे गेले होते. फ्रीज उताणा होऊन दारापर्यंत तरंगत आला होता.

गृहविम्यात पूर येत नाही. वाऱ्याने छप्पर उडून पाऊस आत आला तर गृहविमा भरपाई देतो. समुद्राचे पाणी दारातून आत आले तर ते पूरविम्याचे काम. संघराज्याच्या पूरविमा योजनेत घरासाठी कमाल २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात आणि साधारणपणे पॉलिसी घेतल्यावर ३० दिवसांनी ती लागू होते, त्यामुळे वादळ दिसू लागल्यावर धावून उपयोग नसतो. आम्ही घरापुरताच विमा घेतला होता, सामानाचा घेतला नव्हता. त्यातच पूरक्षेत्रातील नियम असा की, दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारमूल्याच्या निम्म्यावर गेला, तर ती आजच्या नियमांप्रमाणे, म्हणजे बहुधा उंच उचलूनच बांधावी लागते. आमच्या रांगेतील दोन शेजाऱ्यांनी त्याच कारणाने नुसती जमीन विकली आणि ते निघून गेले.

पॅस्को काउंटीचा आतला भाग समुद्रापासून दूर आहे, त्यामुळे तिथे भरतीच्या लाटेचे भय कमी. परंतु २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन आले तेव्हा टँपाच्या परिसरात समुद्रापासून दूरच्या वस्त्यांतही पावसाचे पाणी शिरले होते. पूरक्षेत्रात नाही म्हणून पूरविमा नको, असे कृपया कोणी समजू नये. अशा ठिकाणी हप्ता कमी असतो, तो भरावा.

किनाऱ्यावरचा फ्लॅट घेण्याचा मोह होत असेल तर एक सांगतो. २४ जून २०२१ रोजी सर्फसाइड येथील इमारत कोसळून ९८ माणसे गेली. त्यानंतर राज्याने तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आणि दुरुस्तीनिधी सक्तीचा केला. तो कायदा हवाच होता. मात्र ज्या इमारतींनी वर्षानुवर्षे निधी साठवला नव्हता, त्यांतील रहिवाशांच्या अंगावर एकदम मोठी वर्गणी पडली. आमच्या परिचयातील एका दांपत्याला ४२,००० डॉलर एकरकमी भरावे लागले. संघटनेची निधीची कागदपत्रे वाचल्याशिवाय सही करू नका.

शुश्रूषा

मी टँपा भागात परिचारिका होते. खर्चाच्या यादीत आरोग्याची ओळ कोणीच लिहिलेली नाही, म्हणून लिहिते.

मूळ मेडिकेअर कोणत्याही राज्यात चालते. खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजना मात्र काउंटीनुसार असतात. स्थलांतर केल्यावर नवी निवडावी लागते आणि डॉक्टरांचे जाळे बदलते. मूळ मेडिकेअरसोबत मेडिगॅप हा खासगी पूरक विमा घ्यायचा असेल तर ‘पार्ट बी’ (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत घ्या, कारण त्या काळात आजारपणाच्या कारणावरून कंपनी नकार देऊ शकत नाही. नंतर आरोग्याची चौकशी होऊ शकते. एडिसनवासी नोकरीचा विमा जूनपर्यंत वापरत असतील, तर त्यांचे हे सहा महिने आता यायचे असतील; वहिनींची मुदत केव्हा सुरू झाली ते आजच पाहा.

आपल्यातील बरेच जण हिवाळाभर पुण्याला किंवा मुंबईला राहण्याचा बेत करतात. भारतातील उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही. शिवाय डिसेंबर ते फेब्रुवारी हाच फ्लोरिडातला सर्वांत सुखाचा काळ, आणि पुण्याला जावेसे वाटते तेही तेव्हाच. वादळांच्या महिन्यांत घर बंद ठेवून जायचे असेल, तर खिडक्यांना वादळासाठीच्या झडपा लावणारा आणि वातानुकूलन चालू आहे ना हे पाहणारा कोणी विश्वासू माणूस हवा. आठ दिवस ते बंद पडले तर कपाटांतल्या साड्यांनाही बुरशी धरते.

परतवाट

आम्ही २०१८ साली ओकालाजवळ ५५ वर्षांवरील लोकांच्या वसाहतीत घर घेतले आणि २०२३ साली मी एकटी न्यू जर्सीला परतले. यजमान गेले. त्यानंतरचे आठ महिने मी तिथे काढले. वसाहत चांगली होती, शेजारी प्रेमळ होते. परंतु मला अंधार पडल्यावर गाडी चालवता येत नाही आणि तिथे गाडीशिवाय दुधाची पिशवीही मिळत नाही. मराठी बोलायला कोणी नव्हते. नातवंडांनी उन्हाळ्यात यावे असे ठरवले, तर आमच्या वसाहतीच्या नियमाप्रमाणे १९ वर्षांखालील मुलांना वर्षात ३० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नव्हते.

पाच वर्षांत दोनदा घर घेणे-विकणे, दोनदा सामान हलवणे यांत आमचे जे पैसे गेले ते त्या पाच वर्षांत वाचलेल्या पैशांहून कितीतरी अधिक होते. जाऊ नका असे मी म्हणत नाही. यजमानांची शेवटची वर्षे उन्हात, बागेत, आनंदात गेली, त्याचे मोल मला आहे. मात्र दोघांपैकी एक राहिल्यावर त्या घरात कसे राहाल, हे आधी दोघांनी बसून बोला. आम्ही ते बोललो नाही.

तुळसवृंदावन

ताई, तुमचे लिहिणे वाचून मन भरून आले. ऑरलँडोच्या वायव्येला टॅव्हारेस येथे शांतिनिकेतन नावाची वसाहत खास भारतीय निवृत्तांसाठी आहे, तेथे एकत्र शाकाहारी भोजनाची व्यवस्था आहे. एकटे राहण्याची वेळ येईल तेव्हाचा एक मार्ग म्हणून आम्ही ती पाहून आलो आहोत. आमच्या भागात मंदिर आणि मराठी मंडळाचे कार्यक्रम जवळ आहेत, तरीही गाडी लागतेच.

एडिसनवासी

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर आम्ही दोघांनी वही घेऊन सगळे पुन्हा मांडले.

येथे मालमत्ता कर आणि विमा मिळून १३,१०० डॉलर जातात. स्टे एनजेचा परतावा पूर्ण मिळाला तर सुमारे ७,५०० उरतात. तिकडे ४,३०,००० च्या घरासाठी नव्याने आकारलेला कर अंदाजे ६,०००, सीडीडी २,३००, एचओए १,१४०, गृहविमा ३,८००, पूरविमा ८००, म्हणजे १४,००० च्या वर. वार्षिक खर्च तिकडेच अधिक भरतो, हे पाहून पत्नीने बेरीज दोनदा तपासली. प्राप्तिकराच्या ओळीत दोन्हीकडे शून्य लिहावे लागले. फायदा दिसतो तो एकाच ठिकाणी: घरांच्या किमतींतील फरकातून, सगळे खर्च वजा जाता, दोन लाखांच्या आसपास हाती राहतील आणि त्यावर ४ टक्के धरले तरी वर्षाला ८,००० येतील. सीडीडी नसलेले घर आणि नवे छप्पर मिळाले तर पारडे फ्लोरिडाकडे आणखी थोडे झुकेल. म्हणजे पैशांसाठी जाण्याचे कारण उरले नाही आणि पैशांसाठी न जाण्याचेही. मनगट, गुडघे आणि बर्फ हेच खरे कारण होते आणि तेवढ्यावरच निर्णय घ्यावा, असे आमचे दोघांचे मत झाले.

परतवाट ताई, आपण सुचवलेले बोलणेही काल झाले. ते लांबले आणि सोपे नव्हते. पत्नी म्हणाली की, ती एकटी राहिली तर तिला मुलीजवळ जायचे आहे. तोवर मात्र तिला रोज चालता येईल अशा ठिकाणी राहायचे आहे.

त्यामुळे आत्ता घर घ्यायचे नाही, एडिसनचे विकायचेही नाही. ऑगस्ट व सप्टेंबर असे दोन महिने वेस्ली चॅपेललाच भाड्याने राहायचे ठरवले आहे. तुळसवृंदावन ताई, सीडीडी नसलेल्या जुन्या भागांची नावे आणि त्या छपराच्या तपासनिसाची फी किती होती, एवढे कळवाल का? पत्नीच्या मेडिगॅपची मुदत आज पाहिली. सात आठवडे उरले आहेत, उद्या सकाळीच फोन करणार आहे.

तुळसवृंदावन

तपासणीचे आम्हाला १२५ डॉलर पडले. भागांची नावे व्यक्तिगत निरोपातून पाठवते. ऑगस्टमध्येच या, म्हणजे खरे हवामान कळेल. गणपती आमच्याकडे दीड दिवसांचा असतो, दोघांनी जेवायला यायचे आहे.